माणसांना निल म्हणत नाहीत

“दोन-निल म्हण! दोन-झीरो काय? फोन नंबर आहे का तो?” मार्तंड सरांनी टीव्हीवर फुटबॉलचा निकाल सांगणाऱ्याला झापलं.

“बाबा, त्याला इथं कर्जतमधलं ऐकू जात नाही,” सुहास म्हणाला.

मनवा हसली. महिन्यातून एखाद्या रविवारी ती माहेरी यायची. एकटी.

“मग घरात कोणी नसेल तर? निल?” तिने मुद्दाम डिवचलं.

“इंग्रजीच्या मास्तरची मुलगी ना तू? गोल निल. डबा एम्प्टी. माणसांना नोबडी. माणसाला निल म्हणायचं नसतं, मने.”

कोपऱ्यावर तिला न्यायला आलेल्या बाइकचा हॉर्न वाजला. सरांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मनवाने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती: तू ये, पण त्याचं नाव या घरात काढायचं नाही. तिने ती पाळली होती.

दुसऱ्या दिवशी सरांना हार्ट अटॅक आला.

नगरच्या हॉस्पिटलात आयसीयूत एकालाच सोडत होते. सुहास आत होता. मनवा आणि तिचा नवरा जिन्याखाली बसून होते. दुपारी सुहास खाली आला.

“शुद्धीवर आलेत. मी विचारलं, कोणाला पाठवू आत?”

“मग?”

“कोणालाच नको म्हणाले, ताई. तेही इंग्रजीत.”

“मलापण?”

“कोणालाच.”

“परत विचार. पाया पडते तुझ्या. दारातून बघते नुसतं.”

“तोंडावर मास्क आहे त्यांच्या. डॉक्टर बोलू देत नाहीत. चिडले-बिडले तर?”

नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली नाही. कठड्याला डोकं टेकून बसून राहिली.

संध्याकाळी तिला आत सोडलं, तेव्हा सरांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

“नेमका शब्द काय होता?” तिने विचारलं. “नोबडी की नो वन?”

“आता काय फरक पडतो, ताई?”

“पडतो.”

“निल म्हणाले. दोनदा. मी म्हटलं, बरं, नाही पाठवत कोणाला. तर नुसती मान हलवत राहिले.”

मनवा चादरीकडे बघत उभी राहिली. मग दाराशी गेली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिने जिन्याखाली हाक मारली, “नील! वर ये. बाबांनी तुला बोलावलंय.”