मांडवातली मासवडी

“मासवडीचं सारण कोरडंच पायजे,” हिंदुराव आडवा पडूनच म्हणाला. “तीळ, खोबरं, लसूण. आन् रस्सा असा, की नाकातनं पानी आलं पायजे.”

“गप की राव,” रविराज म्हणाला.

निघोज्यातल्या कंपनीच्या गेटसमोर आमरण उपोषणाचा सहावा दिवस होता. कामावरून काढलेल्या सतरा जणांना परत घ्या, एवढीच मागणी. सतरापैकी हे दोघे उपाशी बसले होते. बाकीचे घोषणा देऊन जेवायला घरी जात.

सकाळीच कंपनीने तक्रार केली होती, की दोघांतला एक जण चोरून खातो. दुपारी सरकारी डॉक्टर येणार होत्या. तक्रार खरी निघाली तर उद्याची बोलणी रद्द.

युनियनचे ज्ञानदेव मांडवात शिरले तेव्हा हिंदुराव मासवडी संपवून झुणक्यावर आला होता. रविराज कनातीकडे तोंड करून पडला होता. सहा दिवसांत त्याने अन्नाचं नाव काढलं नव्हतं. पहाटे बायको धुतलेले कपडे आणून देई, तेवढाच त्याचा संसाराशी संबंध. कामगारांच्या ग्रुपवर त्याला ‘तपस्वी’ म्हणत.

त्याने ज्ञानदेवांना जवळ बोलावलं. “भाऊ, स्पष्ट बोलतो. पोटात कण नसलेल्या माणसाला एवढी चव आठवते? ह्याचं बोलणं ताज्या जेवणाचं आहे. डॉक्टर यायच्या आत ह्याला उठवा.”

ज्ञानदेव हिंदुरावाजवळ बसले. “खरं सांग. खाल्लंस?”

“आईशप्पत न्हाई, भाऊ.”

“मग दिवसभर हे काय लावलंयस?”

“बोललो न्हाई तर उठून पळंन मी. सतरा घरं हायेत आपली.”

ज्ञानदेवांना हे पाठ केल्यासारखं वाटलं. संघटनेत फितुराला जागा नाही, असं त्यांनी माइकवरून जाहीर केलं. ज्यांनी हार घातले होते त्यांनीच शिव्या घातल्या. उठताना हिंदुराव दोनदा खाली बसला. नाटक छान वठलं, असं सर्वांचं मत पडलं.

डॉक्टर आल्या, त्यांनी वजनकाटा मांडला. “त्या उठवलेल्यांनाही आणा.”

पहिल्या दिवसापासून हिंदुराव पाच किलोंनी उतरला होता. मग डॉक्टरांनी रविराजला बोलावलं.

रविराज म्हणाला, चक्कर येतेय, राहू द्या. चौघांनी त्याला अलगद उचलून काट्यावर उभं केलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला. त्याला उतरवून काटा शून्यावर आणला आणि पुन्हा उभं केलं.

रविराजचं वजन दीड किलोने वाढलं होतं.