निहारचा पहिला शब्द

“आजबी म्हनला,” गिरजाबाईंनी दारातच सांगितलं. “दुपारी दोनदा. आई, आई. साफ म्हनला, माय.”

मोनिकानं पेंगुळलेल्या निहारला खांद्यावर घेतलं. लाखांदूरच्या कचेरीतून सुटून, भंडाऱ्याला गाडी बदलून शहापूरला पोचेपर्यंत तिला रोज सात वाजत. सकाळी निघताना पोरगं झोपलेलं असे, संध्याकाळी डोळ्यांवर झोप घेऊन हाती येई. बदली होऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षभरात निहार दोन गल्ल्या पलीकडे गिरजाबाईंच्या घरीच मोठा झाला होता.

तो रांगायला लागला, ते तिला गिरजाबाईंनी सांगितलं. त्यानं पहिलं पाऊल टाकलं, तेही त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी मोनिका त्यांच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली होती. “मी कायची आई, मावशी? माह्या लेकराचं सारं मले तुमच्या तोंडून समजते.” त्यानंतर चारच दिवसांनी गिरजाबाई म्हणाल्या होत्या, “आज तुले बोलावलं त्यानं. दाराकडे पाहून आई म्हनला.”

त्याला तीन आठवडे झाले. मोनिकाच्या कानावर तो शब्द अजून पडला नव्हता.

रोज घरी आल्यावर ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची. “म्हण ना, निहू. आई.” तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, हसायचा, तिच्या ओठांवर बोट ठेवायचा. बोलायचा नाही. तिचा नवरा अनुप कपड्याचं दुकान बंद करून आला की हे बघायचा. एकदा जेवता जेवता हसत म्हणाला, “दिवसभर ज्याच्यापाशी राहते, त्यालेच आई म्हणत असंल तो.” त्याला ती गंमत वाटली. मोनिकाचा घास ताटातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं आठ दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस गाण्यात गेला, दुसरा खेळण्यात. तिसऱ्या दिवशी तिनं अनुपचा फोटो दाखवून बाबा म्हणायला सांगितलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून आई. निहार आनंदात होता. तिच्या मागे मागे घरभर फिरत होता. पण तोंडातून शब्द निघत नव्हता. चौथ्या दिवशी तिला वाटायला लागलं, याला कळतंय. सगळं कळतंय आणि हा आपल्याला शिक्षा करतोय.

पाचव्या दिवशी सकाळपासून ती विनवत होती. “एकदा म्हण. एकदाच म्हण, मग कधीच नाही म्हटलं तरी चालंल.” निहारनं तिच्याकडे पाठ केली आणि खाली पडलेला चमचा उचलला. मोनिकानं त्याला दंडाला धरून वळवलं आणि थोबाडीत मारली.

त्याचा श्वास अडकला. मग तो किंचाळून रडला आणि मारणारीच्याच गळ्याला बिलगला.

केस न विंचरता, होती त्याच कपड्यांत ती त्याला घेऊन गिरजाबाईंकडे गेली. गिरजाबाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या.

“ह्याले तुमच्यापाशीच ठेवा, मावशी. मी मारलं ह्याले. माह्यात आईपण नाही, ह्याले ते समजलं.”

गिरजाबाईंनी निहारचा गाल पाहिला. सूप बाजूला सरकवून त्यांनी त्याला खाली घेतलं. तो नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन डब्यांची झाकणं काढून बसला. गिरजाबाईंनी पदरानं हात पुसले.

“त्यानं कधीच नाही म्हनलं, माय.”

“काय?”

“आई. एकदाबी नाही. मीच बनवलं. तू पायरीवर रडून राहिली होती, मले पाहवलं नाही. वाटलं, आज ना उद्या म्हनंलच. मंग माहं खोटं कोनाले समजनार हाये?”

मोनिका हसली. तिला स्वतःलाच ते हसणं ऐकून भीती वाटली. म्हणजे तो तिच्यावर रुसला नव्हता. तो कोणालाच आई म्हणाला नव्हता. मग तिला आपला हात आठवला आणि ती ओरडली, “तीन आठवडे, मावशी! मी त्याले मारलं!”

“मार मले. पन आधी आयक, अजून हाये. पंधरा दिवस झाले, मले शंका हाये. पन तो बोलते असं सांगून बसली होती. मंग हे कोन्या तोंडानं सांगू?”

त्या आत गेल्या. परात आणि लाटणं घेऊन बाहेर आल्या. निहारच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि लाटणं परातीवर हाणलं.

मोनिकानं कानांवर हात ठेवले. अंगणातली बकरी दोराला हिसका देऊन उठली. शेजारून कोणीतरी विचारलं, “काय झालं वो, गिरजाबाई?”

निहारनं एक झाकण दुसऱ्यावर ठेवलं.

गिरजाबाईंनी पुन्हा हाणलं. पुन्हा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात थांबत नव्हता. मोनिकानं पुढे होऊन त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

“निहार,” तिनं हाक मारली. मग मोठ्यानं. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

तो झाकणं लावत राहिला. ती वाकली. तिची सावली झाकणांवर पडली, तेव्हा कुठे त्यानं मागे वळून बघितलं, तिला ओळखून हसला आणि दोन्ही हात वर केले.