चाळीस रजया

“दाखवा की वहिनी, कुठे आहे ओल?”

शेजारचा हिकमत-अका दारात बूट काढून आत आला होता आणि खोलीच्या मधोमध नुसत्या मोज्यांवर उभा होता. गावातल्या निम्म्या मातीच्या भिंती त्याच्या हातच्या. त्याने तीन भिंतींवरून नजर फिरवली. चुना पांढरा, कोरडा. चौथी भिंत त्याच्याच अंगणाकडची, ती दिसत नव्हती. तिला टेकून सनोबरच्या लेकीच्या लग्नाच्या चाळीस रजया होत्या, रंगीत पेटीवर पार छतापर्यंत रचलेल्या.

बाहेर पावसाचा अकरावा दिवस. हिकमतच्या नव्या निळ्या पत्र्यावरून पाणी धार धरून उतरत होतं, थेट त्या चौथ्या भिंतीच्या पायाशी.

“पाणी खालीच जातं, वहिनी,” तो म्हणाला. “खुदाने त्याला तेवढंच शिकवलंय.”

“मातीचं छप्पर होतं तोवर तुमचं पाणी तुमचं छप्पर पीत होतं. हा पत्रा स्वतः काही पीत नाही. मला पाजतो.”

“पन्हळ लावणार म्हटलं ना. नवरोज होऊ दे.”

“नवरोज झाला की.”

“पुढचा म्हणालो मी.” तो हसला. उंबऱ्याशी त्याची बायको रुखशोना उभी होती, हातात फडक्यात गुंडाळलेल्या गरम रोट्या. ती हसली नाही.

“ओल रजयांच्या मागे आहे,” सनोबर म्हणाली. “मला वास येतो.”

“मग काढा रजया. बघू.”

कुणी हललं नाही. नवरीच्या रजयांना भरल्या घरातल्या बाईचाच हात लागायचा: नवरा असलेली, एकही मूल न पुरलेली. म्हणून तर हिवाळ्याआधी रुखशोनाला बोलावून ढीग रचून घेतला होता. सनोबर विधवा. कापूस तिने पिंजला, कापड तिने बेतलं. टाके घातले शेजारणींनी, आणि ती लांब बसून सुयांत दोरे ओवून देत राहिली. एकदा रचलेला ढीग पाठवणीच्या दिवसापर्यंत कुणी मोडायचा नाही. पाठवणी शुक्रवारी. आज मंगळवार होता.

“ढिगाआडची ओल म्हणजे पडद्याआडची नवरी झाली,” हिकमत म्हणाला. “दाखवायची नाही, आणि कबूल मात्र करा.”

सनोबरने मोहिराकडे पाहिलं. लेक खिडकीशी ओढणीला काठ लावत बसली होती. सुई थांबली होती.

“रुखशोना,” सनोबर म्हणाली, “तू रचलास. तूच उतरव.”

रुखशोनाने रोट्या खाली ठेवल्या, ओठांत बिस्मिल्ला म्हटलं आणि पेटीच्या कडेवर चढली. सगळ्यात वरची लाल मखमलीची, सासरी जोडप्याने त्यावर बसायचं असतं. ती तिने मोहिराच्या हातात दिली. मग पिवळी, मग हिरवी, मग मोराच्या रंगाची. कोरड्या, हलक्या, उन्हाचा वास असलेल्या. हिकमतने हाताची घडी घातली.

“बघा बाई. बघा.”

चौदावी तिला एका हाताने उचलेना. पंधरावीला तिने दोन्ही हात लावले, तरी ती मागच्या बाजूने सुटेना. ओढली तेव्हा फाटल्यासारखा ओला आवाज आला. साटिनच्या गुलाबांवर मागून काळा डाग चढला होता आणि त्यावर भिंतीचा पोपडा, अख्खा.

“सकाळपासून ढीग पुढे कललेला दिसत होता,” सनोबर हळू म्हणाली. “मला वाटलं, कापूस बसला असेल.”

हिकमतने बायकोला बाजूला केलं. ढिगाच्या मागे हात घातला, कोपरापर्यंत. तो तसाच उभा राहिला, मान वाकडी करून, आजाऱ्याची नाडी बघावी तसा. वरून चिमूटभर माती त्याच्या टोपीवर पडली. त्याने हात बाहेर काढला. तळवा मळलेल्या कणकेत बुडवल्यासारखा.

“परत ठेव,” तो म्हणाला.

“काय?”

“रजया. होत्या तशा परत ठेव. लवकर.” त्याने खांदा ढिगाला लावला होता. आवाज आता थट्टेचा नव्हता, उस्तादाचा होता. “भिंत यांच्यावर आलीय. भिंत उभी नाही, वहिनी. टेकलीय. रजया काढल्या की वरचं छत घेऊन खाली येईल. मी टेकू आणतो. तोवर आणि त्यानंतरही यातली एकही हलवायची नाही.”

“किती दिवस?”

“वाळेपर्यंत.”

सगळ्यांनी ऐकलं. पलीकडे पत्र्यावरून धार पडत होती, बादलीत गाय पिळावी तशी.

रुखशोना पेटीवरून उतरली आणि समोरच्या भिंतीशी उकिडवी बसली. “मी कसं रचलं होतं,” ती म्हणत राहिली, “किती सरळ रचलं होतं मी.”

मग सनोबर उठली. तिने बाह्या वर सारल्या. आधी ती गुलाबांची, भिजलेली; मग चौदावी; मग कोरड्या. एकेक करून तिने आपल्या हातांनी रजया पेटीवर चढवल्या, कडा जुळवल्या, मुठीने ठोकून भिंतीकडे दाबल्या. तिला कुणी अडवलं नाही. हिकमत खांदा लावून जमिनीकडे बघत होता. त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

वर एका रजईची जागा उरली. माती पुन्हा भुरभुरली.

सनोबर वळली. मोहिराने लाल मखमल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, हनुवटी तिच्यात रुतवून.

“आण इकडे,” सनोबर म्हणाली.

मोहिराने मान हलवली.

“आण, माझे आई.”

सनोबरने कोपरा धरला आणि ओढला. मोहिरा रजई सोडेना.