चार तास

१९६२ साल. समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेला हिरासिंग दिवाळीला पुसदजवळच्या आपल्या तांड्यात आला होता. तिकडे त्याला क्वार्टर मिळून तीन वर्षं झाली होती, पण मोठा भाऊ थावरसिंग हिरासिंगच्या बायकोला, झमकीबाईला, तिकडे जाऊ देत नव्हता. सून घरातच शोभते, हे त्याचं ठरलेलं उत्तर. आत्ताही जेठ, म्हणजे थोरला दीर, ओसरीवर बसलेला म्हणून ती हनुवटीपर्यंत घुंगट ओढून चुलीपाशी भाकरी थापत होती.

"तू तिकडं करतं काय, सांग तं खरं," थावरसिंग म्हणाला.

"समुद्राच्या पाण्यात डोयाले न दिसणारं शेवाळ असते, भिया. ते उन्हात किती अन्न बनवते, ते मोजतो. जुन्या रीतीत पाणी बाटलीत बंद करून दिवसभर टांगतात. नव्या रीतीत चार तासांतच बाटली उघडतात. दोन्ही करून पाह्यल्या, तं जुन्या रीतीचा तासाचा आकडा दर खेपेला कमीच येते."

"काहून?"

"कोंडलं की मरगळते ते. म्हणून म्या सायबाले लिहून देल्लं, चार तासांच्या वर कोंडायचं नाही."

"बेस केलं," थावरसिंग हळहळला. "जीवच हाय ना शेवटी."

जेठाच्या देखत सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, ही तांड्याची रीत. म्हणून झमकीबाई चुलीलाच म्हणाली,



"ऐकलं काय वं? मले तं तीन वर्सं झाले."