साठीपुढचा तिसरा

निकालाच्या फलकासमोर उभं राहून कू बोनचोलनं दोनदा चष्मा पुसला. साठीपुढच्या गटात तिसरं नाव त्याचं नव्हतं. तिथं लिहिलं होतं, प्यो ग्वांगसू.

त्याचं स्वतःचं नाव खाली होतं, चौथ्या जागी. गेल्या वर्षीही चौथ्याच जागी होतं.

"साठीपुढचा? हा?" तो इतक्या मोठ्यानं बोलला, की शेजारी केळी खात उभ्या असलेल्या दोघी वळून बघायला लागल्या.

तसा सकाळपासून त्याचा संतापच चालला होता. नाकदोंग नदीकाठच्या या अर्धमॅरेथॉनसाठी त्यानं अख्खा हिवाळा अंधारात उठून सराव केला होता. आणि इथं कुणा पाहुण्याचं भाषण संपेना म्हणून सुरुवातच उशिरा. बंधाऱ्याजवळच्या थांब्यावर पाणी संपलेलं, नुसते कागदी पेले उडत होते. परतताना वारा थेट तोंडावर. हे सगळं त्यानं सोसलं, कारण यंदा तिसरा क्रमांक नक्की होता. त्याच्या नळसामानाच्या दुकानात, खुर्चीच्या मागं, चषकासाठी फळीसुद्धा ठोकून झाली होती.

ग्वांगसू शर्यतभर त्याच्या मागं होता. शेवटच्या पुलावर शेजारी आला आणि धावता धावताच मान लववून म्हणाला, "दादा, रागावू नका. पुढं जाऊ का?"

"जा की!" बोनचोलनं धापा टाकत हात हलवला होता. हा पन्नाशीच्या गटातला. पुढं गेला काय नि मागं राहिला काय.

आणि आता हे.

त्यांच्या धावण्याच्या क्लबच्या तंबूत ग्वांगसू सगळ्यांना माशांच्या वड्यांचं गरम सूप वाढत होता. एवढी वर्षं क्लबात त्याचं हेच काम. शर्यतींना यायचा तोही बोनचोलची पिशवी सांभाळायला. छातीवर क्रमांक लावून तो आज पहिल्यांदाच धावला होता.

"ए ग्वांगसू, नाव कुठल्या गटात दिलंस?"

ग्वांगसूच्या हातातली पळी थांबली. "दादा, आधी सूप घ्या. गार होतंय."

"सूप गेलं खड्ड्यात! लाज नाही वाटली? लोक केस काळे करतात, तू वय पांढरं केलंस?"

तंबूत हशा पिकला. ग्वांगसूचे कान लाल झाले.

"दादा, चषक तुम्हीच घ्या. मनापासून सांगतो. पण तक्रार नको."

"मला भीक घालतोस?" बोनचोलनं त्याचं मनगट धरलं. "चल टेबलापाशी."

निकालाच्या टेबलामागं म्योंग नावाच्या बाई बसल्या होत्या. समोर चषकांची रांग होती.

"मॅडम, या माणसानं वय खोटं सांगितलंय," बोनचोल म्हणाला. "हा मला दादा म्हणतो. दादा! तुम्हीच सांगा, आपल्यात कुणी स्वतःपेक्षा लहान माणसाला दादा म्हणतं का?"

"छे! मरेपर्यंत नाही म्हणायचं कुणी," बाई म्हणाल्या.

"ऐकलंस? क्लबात आला त्याच दिवशी मी याला सांगितलं, माझा जन्म सापाच्या सालचा, मला दादा म्हणायचं. मुकाट्यानं 'बरं दादा' म्हणाला. तेव्हापासून धाकट्या भावासारखं वागवलं याला. बूट कुठले घ्यायचे, बायकोशी कसं बोलायचं, सगळं मी शिकवलं. आणि हा माझ्याच ताटात हात घालतो!"

बाईंनी ग्वांगसूकडं पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"काही नाही. माझं नाव काढून टाका."

"बघा, कबूल झाला!"

"ओळखपत्र बघितल्याशिवाय मला नाव काढता येत नाही," बाई म्हणाल्या. "दोघांचीही द्या."

"माझं शंभरदा बघा." बोनचोलनं ओळखपत्र टेबलावर आपटलं.

ग्वांगसूचा हात खिशातच राहिला. "दादा, अजून सांगतो. राहू द्या. इतकी माणसं बघतायत."

"बघू देत की! त्यांनाही कळू दे तू काय आहेस ते. काढ!"

तंबूतली मंडळी सुपाचे पेले हातात घेऊन टेबलाभोवती जमली होती. ग्वांगसूनं ओळखपत्र काढून ठेवलं. बाईंनी दोन्ही शेजारी शेजारी धरली, जन्मसालं बराच वेळ पाहिली आणि चष्मा वर केला.

"कू साहेब, तुम्ही सापाच्या सालचे. बरोबर आहे."

बोनचोलनं छाती काढून जमलेल्यांकडं पाहिलं.

"आणि हे सशाच्या," बाईंचा आवाज खाली आला. "म्हणजे तुमच्या दोन वर्षं आधीचे."

कुणीतरी खोकलं. हसलं मात्र कुणीच नाही.

ग्वांगसूनं ओळखपत्र उचलून सावकाश खिशात घातलं आणि तो चषकांच्या रांगेकडं वळला.

"बोनचोल," तो म्हणाला, "जरा सरक."