कोरं लेबल

वरदाच्या पत्राला शशिकांत कुरुंदवाडकरांनी उत्तर दिलं नव्हतं. बाबांना महत्त्वाचं काही विचारायचं तर लिहून विचारावं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तिने फोन न करता पत्र पाठवलं होतं. तिच्या छोट्या ब्रुअरीत पहिल्यांदाच बेल्जियन पद्धतीची गडद, कडक बिअर तयार होत होती, 'स्ट्राँग एल' म्हणतात ती. बाटलीवर आपलं आडनाव घालू का? पूर्ण, मोठ्या अक्षरांत? हिवाळा सरला तरी उत्तर गेलं नाही. आणि आता इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, स्टीलच्या टाक्यांशेजारी, ते पत्नी मंजिरीबरोबर उभे होते आणि समोर टेबलावर ती बाटली होती. लेबल पांढरं, कोरं.

गुरुवारची दुपार होती. चव घ्यायला वरदाने आईबाबांखेरीज एकाच माणसाला बोलावलं होतं. तिथल्या बिअर क्लबचा ग्रॅहम. आसपासचे पब त्याचा शब्द मानत.

वरदाने ग्लास तिरपा धरून ओतायला सुरुवात केली. फेस वर आला की थांबायचं, बसला की पुन्हा ओतायचं. शशिकांत तिच्या मनगटाकडे पाहत राहिले. रुग्णांना भूल देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. इतका स्थिर हात त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्येही थोड्यांचाच पाहिला होता. तळाशी बोटभर उरलं तशी तिने बाटली सरळ केली.

"एवढी टाकून देणार?" मंजिरीने विचारलं.

"यीस्ट आहे ते, आई. खाली बसतो. आपला पहिला बॅच बेल्जियमच्या बाटलीतल्या अशाच यीस्टने स्टार्ट केला."

"म्हणजे विरजण. मग तसं सांग ना."

ग्रॅहमने ग्लास उजेडाला धरला, हुंगला, घोट तोंडात फिरवला. मनुका, जळकी साखर, किंचित लवंग, असं तो सावकाश सांगत गेला आणि वहीत टिपत गेला. मग त्याने विचारलं, नाव काय हिचं?

अजून ठरलं नाही, वरदा म्हणाली. सोमवारी लेबलं छापायला जातील. तोवर नाव मिळालं नाही तर, आधीचे तीन बॅच चाचणीचे म्हणून, नुसतं 'बॅच फोर' छापायचं. हे सांगताना तिने बाबांकडे पाहिलं नाही. त्यांना तेच जास्त लागलं.

त्यांची हरकत नव्हती. बाटलीवर घराण्याचं नाव बघून इथल्या मराठी मंडळातले लोक काय म्हणतील, हा विचार त्यांनी करून पाहिला होता; तो फार टिकला नव्हता. भीती निराळी होती. नोकरीच्या सगळ्या वर्षांत हॉस्पिटलमध्ये कुणाला ते आडनाव धड म्हणता आलं नाही. ते 'डॉक्टर शशी' झाले, आणि तेही त्यांनी स्वतःच सुचवलं होतं. बारपाशी उभ्या माणसाला जे नाव घेता येत नाही, ते तो मागवेल कसं? पोरीच्या मेहनतीवर आपलं नाव ओझं होऊन बसलं तर?

त्यांनी ग्लास तोंडाकडे नेला.

"बाबा, थांबा. हा बिअर एकदम थंड नाही प्यायचा. दोन्ही हातांत धरा, वॉर्म होऊ दे."

त्यांनी धरला. वाट पाहिली. मग घोट घेतला. आधी काकवी आली, मागून भाजलेल्या पावाची कड, मग खजूर. आणि गोड आहे म्हणेपर्यंत गोडी संपली, जिभेवर स्वच्छ कडवटपणा राहिला. एवढी कडक बिअर, पण घशाला कुठे चटका नाही. नंतर छातीत हळूच ऊब उतरली. पहिल्या घोटावर विश्वास बसेना म्हणून त्यांनी दुसरा घेतला. दुसराही तसाच होता.

"कसं आहे?" वरदाने विचारलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले, आणि एवढंच बोलल्याबद्दल स्वतःवरच चिडले. ग्रॅहम वही मिटून आपला रिकामा ग्लास पुढे करत होता. चव घ्यायला आलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा मागत नाही. पण शशिकांतांचं तिकडे लक्ष नव्हतं. या चवीला कुणाच्या नावाचं ओझं होणार नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

गाडीत काहीतरी राहिलंय, असं पुटपुटत ते बाहेर पडले. मंजिरी मागोमाग आली, तेव्हा ते बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होते. कोटाच्या खिशातून त्यांनी पाकीट काढलं. त्यावर पत्ता होता, एक-दोन दिवसांत पोचवणारं तिकीटही होतं. हिवाळ्यापासून मजकूर तेवढा नव्हता.

मंजिरीने त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'प्रिय वरदा, घाल. पूर्ण, मोठ्या अक्षरांत. ज्याला ही प्यायची आहे, तो म्हणायला शिकेल.'

ते इस्टेटच्या फाटकाजवळच्या पोस्टाच्या लाल पेटीकडे निघाले, तेव्हा तिला राहवेना.

"अहो, पोरगी आत उभी आहे. हातात द्या की."

"समोर बोलता आलं असतं, तर एवढे दिवस लागले असते का?"

पाकीट आत पडल्याचा आवाज आला. तरी त्यांनी फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही, तेव्हा ते ताठ झाले आणि उरलेला ग्लास संपवायला आत निघाले.