सोमाजीचा अन्वय

शास्त्र सांगणाऱ्याने खरे तेच सांगावे; परंतु त्या खऱ्याचे मोल दुसऱ्याने मोजायचे असेल, तर सांगणाऱ्याने कोठे उभे राहावे, हे शास्त्रात सांगितलेले नाही.

नागभीडचे निवृत्त संस्कृत शिक्षक गुणवंतराव तळ्याच्या पाळीवर घोंगडी टाकून बसले होते. हातात जुन्या मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, कागद होता. तळ्याचे पाणी राखणाऱ्याला धानाच्या दोन बांध्या, बांध घातलेली दोन शेते, दिली होती, ‘अन्वयाने’ भोगण्यासाठी. पाणी राखणारा सोमाजी पौषात वारला. आता एका बाजूला त्याची एकुलती लेक ठमाबाई उभी होती, दुसऱ्या बाजूला पुतण्या पोचू.

“हा सबद काय म्हनते, गुरुजी?” पंच लहानूने विचारले.

“अनु म्हणजे मागून, अय म्हणजे जाणे. जेथे धूर तेथे अग्नी. या सोबत असण्याला नैयायिक अन्वय म्हणतात. आणि गेलेल्याच्या मागून जो चालतो, तो त्याचा अन्वय.”

ठमाबाईचा चेहरा उजळला. “मंग मीच ना जी! बाबाचे डोळे गेले तवापासून, बारा सालं झाली, पाणी सोडाचं तुडूम मीच उघडून राह्यली.”

“अन् मसनात मडकं कोनं धरलं?” लहानूने विचारले.

आगीचे मडके धरील तो वारस, ही गावाची रीत. पोचूने मान खाली घातली. “माह्या हाती बाईनंच देल्लं.”

“हो. मीच देल्लं,” ठमाबाई म्हणाली.

गुणवंतराव पुढच्या वाक्याची वाट पाहू लागले. त्या दिवशी मडके तिने उचलले होते. लेकीने अग्नी दिला तर बापाला गती नाही, असे तिच्या अंगणात उभे राहून त्यांनीच सांगितले होते. तिने त्यांचे नाव घेतले नाही. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

“तिला मी अडवले,” ते म्हणाले. “दोष माझा. मागून चालली ती हीच.”

“दोष कायचा जी?” लहानू हसला. “तुमी रीतच सांगली. फैसला तं तुमच्याच तोंडून त्याच दिवशी झाला म्हना ना!”

पंचांनी माना डोलावल्या. कागद पोचूच्या हाती गेला.

ठमाबाई त्याच्याजवळ आली. “तुडमाच्या खालच्या भोकाले माती लावजो, पोचू. उन्हाळ्यात झिरपते ते. अन् सुकलूच्या बांधीले पयलं पाणी देजो. उंचावर हाये, मागून चढत नाई.”

पोचू तुडमाकडे बघू लागला.

बांध्या गेल्यावर गावात तिचे काही उरले नव्हते; निरोप घ्यायला ती गुरुजींच्या पायाशी वाकली. त्यांचा हात तिच्या केसांवर टेकला.

“बाई,” तिला एकटीलाच ऐकू जाईल असे ते म्हणाले, “ज्यांनी घेतले त्यांनाही पाणी पुरो. आणि तू जाशील तेथली विहीर कधी न आटो.”